टाईप १ मधुमेह असताना तीन दिवसांच्या संगीत महोत्सवात तंबूत राहणं जमेल का?

तुम्ही लिहिलंय की निदान होऊन दोनच वर्षं झालीत, मित्रमंडळी तीन दिवसांच्या महोत्सवाला निघालीत, मुक्काम मैदानावर तंबूत आहे आणि घरचे नको म्हणतायत. मला टाईप १ बाराव्या वर्षापासून आहे आणि असे चार मुक्काम मी केलेत. माझं ऐकाल तर जा. फक्त तयारी करताना रात्रीचा विचार आधी करा. दिवसा आपण सावध असतोच. साखर घसरण्याने मला गाठलं ते रात्री.

पहिल्या महोत्सवात दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत मी नाचत होते. मधूनमधून शुगर बघत होते, सगळं ठीक होतं. झोपताना १३२, म्हणून निर्धास्त आडवी झाले. तीनच्या सुमारास जाग आली तेव्हा मान घामाने चिंब होती आणि हात थरथरत होते. ग्लुकोज कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं: पायाशी ठेवलेल्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात. पण तो कप्पा उघडता येईना. चेनचं टोक बोटांना लागत होतं आणि ते कुठल्या बाजूला ओढायचं एवढंच डोक्यात शिरत नव्हतं. माझ्या खुडबुडीने शेजारची मैत्रीण जागी झाली. तिने मोबाईलचा उजेड पाडला, पुडी दातांनी फोडली आणि पावडर माझ्या तोंडात घातली. त्यानंतर मोजली, तेव्हा कुठे ४८ होती (७० च्या खाली म्हणजे कमी).

असं होतं कारण दिवसभर नाचून-चालून स्नायूंमधला साखरेचा साठा संपतो आणि तो पुन्हा भरायला ते पुढे कितीतरी तास रक्तातली साखर ओढत राहतात. म्हणून झोपतानाच्या चांगल्या आकड्यावर विसंबू नका. त्यात दारू घेतली असेल तर आणखी कठीण. एरवी साखर घसरली की यकृत थोडी सोडतं, पण ते दारू निस्तरण्यात गुंतलं की हे काम मागे पडतं. आता मी झोपण्याआधी थोडं खाते, दोन आणि पाचचा अलार्म लावते आणि ग्लुकोज उशीखाली, फोडलेल्या पुडीत किंवा उघड्या डबीत ठेवते. अंधारात, थरथरत्या हाताने उघडावं लागेल असं काहीच नको. अंगावर चिकटवलेला, सतत साखर मोजणारा सेन्सर असेल तरी बोट टोचून खात्री करा, कारण तो लावलेल्या कुशीवर झोपलं की दाबामुळे तो खोटा लो, म्हणजे साखर घसरल्याचा आकडा, दाखवतो. पण लक्षणं जाणवत असतील तर आधी साखर घ्या, मोजणं नंतर.

नाचण्याच्या दिवसांत रात्रीचं बेसल, म्हणजे दिवसरात्र हळूहळू काम करणारं इन्सुलिन, किती कमी करायचं हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. माझा आकडा मी मुद्दाम देत नाही, तो माझ्या शरीराचा आहे. बेसल पूर्ण बंद मात्र कधीच करायचं नाही.

आता इन्सुलिन. सकाळी ऊन चढलं की तंबू भट्टीसारखा तापतो आणि उष्णतेने इन्सुलिनची ताकद जाते. उलट भीतीही तितकीच खरी: मी एकदा इन्सुलिनचं पेन फ्रीझरमधून काढलेल्या जेल-पॅकला चिकटून ठेवलं आणि ते गोठलं. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नसतं, ते फेकावं लागलं. वापरात असलेल्या पेनला फ्रीज लागत नाही. बहुतेक प्रकार ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतात, तरी तुमच्या पेनसोबतचा कागद वाचा. पाण्यात भिजवून वापरायचे खास पाऊच मिळतात, माठातलं पाणी गार राहतं त्याच तत्त्वावर चालणारे. तो सावलीत आणि वाऱ्याला टांगा, बंद पिशवीत कोंबू नका. हवा दमट असेल तर त्याचा उपयोग कमी होतो.

सगळं सामान दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या बॅगांत, शक्यतो दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. पट्ट्या, सुया, मीटरचे सेल, पॉवर बँक, कीटोनच्या (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणाऱ्या आम्लांच्या) तपासणीच्या पट्ट्या, वापरलेल्या सुयांसाठी जाड, झाकणाचा डबा. डॉक्टरांचं पत्र हाताशी असू द्या, प्रवेशद्वारावर सुया आणि खाणंपिणं अडवलं तर तेच दाखवायचं. बोटं धुऊन मोजा. सरबताचं चिकट बोट मीटरला भलताच मोठा आकडा दाखवायला लावतं.

आणि सोबत्यांना सांगा. संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण लो झालेला माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो आणि अशा गर्दीत लोक त्याला झोपू देतात, तीच खरी भीती आहे. मी तंबू लावून झाला की सगळ्यांना पाच मिनिटं बसवते आणि सांगते: मी विचित्र वागले, चिडले, बरळले तर वाद न घालता १५ ग्रॅम साखर द्या. म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा अर्धा कप फळांचा रस. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन (साखर वर आणणारं तातडीचं औषध) असेल तर द्यायचं आणि वैद्यकीय तंबूतल्या माणसांना बोलवायचं. तो तंबू कुठे आहे हे पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी चालत जाऊन बघून यायचं.

शुगर खूप वर राहिली, कीटोन दिसले आणि उलट्या सुरू झाल्या तर महोत्सव तिथेच सोडा आणि रुग्णालय गाठा. उद्या सकाळी बघू असं त्यात चालत नाही.

एक राहिलंच. घरी परतल्यावरच्या पहिल्या रात्रीही अलार्म लावा. दुसऱ्या महोत्सवानंतर मला लो झाली ती घरच्या पलंगावर, ग्लुकोज अजून सॅकमध्येच होतं.