स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वास्तुकला कशी शिकवावी?

वास्तुशैलींचा इतिहास स्लाइडवर दाखवून हा विषय उरकला जातो, आणि तेथेच तो फसतो. स्थापत्याच्या विद्यार्थ्याला तुळई आणि स्तंभ यांची भाषा येत असते. त्यामुळे सुरुवात तेथूनच करावी. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची मुंबईतील कांचनजंगा ही उंच निवासी इमारत (१९८३) यासाठी उत्तम. समुद्राचे वारे आणि दृश्य पश्चिमेला, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. म्हणून कोरियांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचे तत्त्व घेऊन कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या. आता कोपराच मोकळा सोडल्यावर भार कोठून उतरतो आणि आडव्या वाऱ्याला कोण तोंड देतो, हे विद्यार्थ्यांना आधी रेखाटनातून शोधायला लावावे, गणित नंतर. गाभ्याची, म्हणजे इमारतीच्या मध्यभागाची, भिंत आणि बाहेर झेपावणारे स्लॅब यांचे महत्त्व त्यांना तेव्हा आपोआप उमगते.

याशिवाय स्वतःच्या वसतिगृहाचे मोजमाप घेऊन आराखडा आणि छेद (इमारत उभी कापल्यास आत दिसेल ते चित्र) काढण्याचे काम अवश्य द्यावे. जिन्याच्या पायरीची उंची किंवा खिडकीचे तोंड तेव्हा प्रथमच नजरेत भरते. गुण देताना मात्र चित्राच्या सफाईपेक्षा निर्णयामागील कारणांना अधिक वजन असावे.