लाल टोपणाची सिरिंज

नाशिक, रविवार रात्र

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

दुपारी तू लॅपटॉप उघडून रुग्णालयातल्या चुका नोंदवायचं तुमचं सॉफ्टवेअर दाखवलंस आणि मी नुसतं ‘छान आहे’ म्हणाले. तुझा चेहरा पडलेला मला दिसला. खरं सांगू का, माझं मन तिसऱ्या रकान्यातच अडकलं. ‘जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव’ आणि पुढे लाल चांदणी. ते भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. मला माझी एक नाइट आठवली.

नोकरीला चारेक वर्षं झाली असतील. मेडिसिनचा वॉर्ड, चाळीसेक पेशंट, मी आणि एक मावशी. एका आजोबांना रात्रीच्या जेवणाआधी २० युनिट इन्सुलिन लिहिलेलं. नातेवाइकांनी आणलेलं पेन अडकलं, म्हणून मी त्यातल्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढलं. ड्रॉवरमध्ये हाताला आली ती लाल टोपणाची सिरिंज. आपल्याकडच्या साध्या बाटलीत एका मिलीला ४० युनिट असतात आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच हिशेबाने आखलेली असते. पेनाच्या कार्ट्रिजमध्ये मिलीला १००. त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपणाची. मी २० च्या रेघेपर्यंत ओढलं आणि आजोबांच्या पोटात गेले ५०. रात्री दोनला मावशी म्हणाली, “सिस्टर, बाबा घामानं चिंब झालेत.” शुगर ३४, म्हणजे जीवघेणी कमी. डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) दिलं. बाबांनी डोळे उघडून चहा मागितला, तोवर माझ्या पायांत त्राण उरलं नव्हतं.

सकाळी मी स्वतःहून सांगितलं. मेमो आला, ‘यापुढे दक्षता घ्यावी.’ सही करून घेतली. दक्षता मी आजतागायत घेते गं. पण दोन्ही सिरिंजा त्याच ड्रॉवरमध्ये राहिल्या आणि पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या मुलीच्या हातून तेच झालं. तिने कुणाला सांगितलं नाही. नोकरी सोडून जाताना मला एकटीला सांगून गेली. माझा मेमो तिने पाहिला होता ना.

तू दहादा ‘अकाउंटेबिलिटी’ म्हणालीस. आपण त्याला उत्तरदायित्व म्हणतो. म्हणजे उत्तर द्यायचं. पण कुणी कुणाला? वॉर्डात ते कायम खालच्याने वरच्याला द्यायचं असतं. तुझ्या सॉफ्टवेअरने एवढं एक उलटं केलं तरी मी पेढे वाटीन. सिस्टरने नोंद केली की ती कुणी वाचली, कधी वाचली आणि ड्रॉवरचं पुढे काय केलं, हे तिला तिच्या मोबाइलवर दिसू दे. आठवड्यात उत्तर नाही आलं तर लाल चांदणी वाचणाऱ्याच्या नावापुढे लागू दे. घटना-रजिस्टरं मी पुष्कळ पाहिली आहेत. पहिले तीन महिने पानं भरलेली, मग कोरी. साहेब म्हणायचे, स्टाफ आळशी आहे. स्टाफने लिहिलं होतं, परत काही आलं नव्हतं. (दारू पिऊन ड्यूटीवर येणारा, खोटी नोंद करणारा यांची गोष्ट वेगळी. त्यांची नावं खुशाल घ्या, पण त्याला चौकशी असते, तुमचा फॉर्म कशाला?)

नंतर तू फिरवून दाखवलंस तेव्हा आणखी एक दिसलं. पेशंटचा नोंदणी क्रमांक टाकल्याशिवाय फॉर्म जमा होत नाही. मग ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह फुसफुसतोय, हे कुठे लिहायचं? व्हॉल्व्हला नोंदणी क्रमांक नसतो. २१ एप्रिल २०२१ आपल्या गावात कुणाला सांगावा लागत नाही. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायू गळला, आत व्हेंटिलेटरवरच्यांचा पुरवठा तुटला, त्याच दिवशी २२ माणसं गेल्याचं कळलं. त्या आठवणीने अजून घशात आवंढा येतो. पेशंटला काही व्हायच्या आधीची नोंद घेणारा रकाना सगळ्यात वर ठेव.

आणि लॉगिन. तुझ्या कंपनीतल्या मुलांना वाटतं, कुणी काय केलं ते सिस्टीम सांगेल. वॉर्डात ये आणि बघ. कॉम्प्युटर एक, माणसं सहा. पासवर्ड मॉनिटरला चिकटपट्टीने लावलेला. जी सकाळी आठला आत शिरली, तिच्याच नावावर दिवसभराची औषधं चढतात. त्यावर परिपत्रक काढून उपयोग नाही. सुरू व्हायला दोन मिनिटं घेणारं लॉगिन हातात सलाईन धरलेली बाई करणार नाही. ओळखपत्र टेकवलं की उघडलं, असं काही जमतं का बघ.

तुमच्याच धंद्यातली एक गोष्ट सांगते; कदाचित तुला ठाऊक असेल. थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरला किरण देणारं यंत्र. १९८५ ते ८७ मध्ये अमेरिका-कॅनडात त्याने सहा जणांना भयंकर जास्त मात्रा दिली. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ च्या मार्चमध्ये एकाला झालं. पडद्यावर नुसतं ‘मालफंक्शन ५४’. कंपनीचे इंजिनिअर येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही. एप्रिलमध्ये दुसऱ्याला झालं. तेव्हा यंत्र चालवणारी बाई आणि रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर स्वतःच कळफलकासमोर बसले. तिने त्या दिवशी काय काय केलं ते आठवून पुन्हा पुन्हा करून पाहिलं. चुकून ‘एक्स-रे’चं अक्षर पडलं होतं, ते तिने झटकन मागे जाऊन बदललं होतं. हात सरावाचा. आठ सेकंदांच्या आत बदललं की यंत्राचा गोंधळ उडतो, हे त्या दोघांनी शोधलं. इंजिनिअर लोक सावकाश टाइप करत असणार, दुसरं काय!

म्हणून म्हणते, मीटिंगला वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला बोलावून सह्या घेणं याला मिळून काम करणं म्हणू नकोस. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगमध्ये ‘बाह्मनी’ नावाचं पेशंटच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर आकाराला आलं, ते तिथल्या रुग्णालयात वापरून वापरून. आता ते खुलं आहे, कुणीही घ्यावं. तुमचंही तसं झालं तर गंगापूर रोडवरच्या रुग्णालयात सापडलेली ड्रॉवरची चूक पंचवटीतल्या रुग्णालयातही आवरली जाईल. पेशंटचं नाव मात्र त्याच्या वॉर्डाबाहेर जाता कामा नये.

सुरगाणा, पेठकडून येणाऱ्या बायकांचं तर लिहायचंच राहिलं. एकाच वॉर्डात एकाच नावाच्या दोन पवार, वय दोघींचं ‘अंदाजे ४०’, मोबाइल नंबर गावातल्या एकाच दुकानदाराचा. तुमच्या सिस्टीमला त्या एकच बाई वाटतील. यावर समोरासमोर बोलू.

मंगळवारी रात्री पावणेआठला मुंबई नाक्यावर ये. माझी एक जुनी ज्युनिअर आता इन्चार्ज आहे, तिच्या वॉर्डात हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना एकीने दुसरीला पेशंट सोपवणं, ऐकायला जाऊ. तिला मी विचारून ठेवलंय. लॅपटॉप आणू नकोस. टाचांच्या चपला घालू नकोस.

तुझी
मावशी

ता. क. त्या ड्रॉवरमध्ये मी पुढे इन्चार्ज झाल्यावर पुठ्ठ्याचा आडवा तुकडा घातला होता, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला नारिंगी. तो आजही तिथे आहे म्हणतात. मंगळवारी बघू.