वाचकांचे प्रश्न : ह्यूमन बायॉलॉजीची पदवी

प्रश्न : मुलीचा नीटचा स्कोअर एमबीबीएसला पुरला नाही आणि रिपीट करायची तिची तयारी नाही. पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठात बी.एस्सी. ह्यूमन बायॉलॉजीला प्रवेश मिळतोय. आठ दिवसांत पैसे भरा म्हणतात. भरावेत का?
(एक पालक, अहमदपूर)

उत्तर : घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. आधी यूजीसीच्या संकेतस्थळावर राज्य खासगी विद्यापीठांच्या यादीत नाव पाहा. अशा विद्यापीठाला बाहेरची महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत. तेव्हा गावातलं एखादं कॉलेज 'आम्ही अमुक खासगी विद्यापीठाशी संलग्न' म्हणत असेल, तर तिथे पैसे भरू नका.

खरी अडचण येते पदवीच्या नावाची, तीही तीन वर्षांनी. एम.एस्सी.च्या पात्रतेत 'झूलॉजी विषयासह बी.एस्सी.' एवढंच लिहिलेलं असेल, तर छाननीत अर्ज अडकतो. म्हणून पुढे जिथे जायचं तिथली यंदाची पात्रता आजच काढून ठेवा : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, फॉरेन्सिककडे ओढा असेल तर छत्रपती संभाजीनगरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था. मग खासगी विद्यापीठाकडून सहाही सेमिस्टरचा पेपरनिहाय अभ्यासक्रम मागा. गुणपत्रिकेवर फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, बायोकेमिस्ट्री असे वेगळे पेपर दिसले तर समकक्षता (ही पदवी झूलॉजीच्या बरोबरीची मानणं) मागायला आधार राहतो. नुसतं 'ह्यूमन बायॉलॉजी १, २, ३' असेल तर प्रत्येक खिडकीवर समजावत बसावं लागतं.

वेळापत्रकही मागा. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. थिअरीचा एक क्रेडिट १५ तासांचा, प्रात्यक्षिकाचा ३० तासांचा. म्हणजे २ क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाला पंधरा आठवडे, आठवड्याला ४ तास हवेत. वेळापत्रकात दोनच तास दिसले तर उरलेले कुठे गेले, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. लॅब पाहायला गेलात तर एकच विचारा : गुणसूत्रं पाहण्यासाठी रक्तपेशी इथे वाढवता का? त्याला सुमारे ७२ तास ३७ अंशांवर इन्क्युबेटर चालू ठेवावा लागतो. ते खरंच करत असतील तर कोणत्या सेमिस्टरला आणि किती नमुने, हे लगेच सांगतील.

फीबद्दल : मुलींना शंभर टक्के फी माफी देणाऱ्या २०२४ च्या शासन निर्णयातून स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अशी खासगी विद्यापीठं वगळली आहेत. प्रवेश समुपदेशक हे आपणहून सांगतीलच असं नाही.

या पदवीवरून एमबीबीएसला थेट प्रवेश मिळत नाही, पुन्हा नीटच द्यावी लागते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी हेच ध्येय असेल तर मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा कोर्स सरळ पडेल. ह्यूमन बायॉलॉजी ही पुढे शिकणाऱ्याची पदवी आहे.

प्रश्न : साली (Sahli) यांच्या पद्धतीने, म्हणजे रक्तात आम्ल घालून त्याचा रंग ठरावीक तपकिरी काचेशी जुळवून, एकाच मैत्रिणीचं हिमोग्लोबिन काढलं तर कधी ९, कधी ११ येतं. कुठे चुकतं?
(विद्यार्थिनी, परळी वैजनाथ)

उत्तर : या पद्धतीत दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो, पण ९ आणि ११ म्हणजे हातच चुकतोय. बोटाला लावलेलं स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसून टाका. बोट दाबून रक्त काढलं की ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. पिपेटमध्ये बरोबर २० मायक्रोलिटर, मध्ये बुडबुडा नको. पिपेट बाहेरून पुसली नाही तर जास्तीचं रक्त जातं आणि आकडा चढतो. नळीत एन/१० हायड्रोक्लोरिक आम्ल २ ग्रॅमच्या खुणेपर्यंत घ्या, रक्त सोडल्यावर त्याच आम्लाने पिपेट दोन-तीनदा खंगाळा.

मग दहा मिनिटं थांबा. बहुतेकजणी इथेच चुकतात. हिमोग्लोबिनचं तपकिरी ॲसिड हिमॅटिन व्हायला तेवढा वेळ लागतो. आधीच पाणी घालायला घेतलं तर रंग पुरता गडद झालेला नसतो, तो कमी पाण्यातच जुळतो आणि आकडा कमी येतो. डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबाने घाला, रंग जुळवताना काचकांडी द्रावणाच्या वर उचला, उजेड खिडकीचा घ्या. एक थेंब जास्त पडला तर मागे येता येत नाही, नमुना नव्याने घ्यायचा.

प्रश्न : बारावीला गणित नव्हतं. बायोटेक्नॉलॉजीची जॅम (आयआयटी वगैरेंतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) देता येईल का?
(विद्यार्थी, जिंतूर)

उत्तर : देता येईल, पण पेपरात बारावीच्या पातळीचं गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रही असतं. ६० प्रश्न, १०० गुण, तीन तास. निगेटिव्ह गुण फक्त 'अ' विभागात, म्हणजे एकच बरोबर पर्याय असलेल्या प्रश्नांना. 'ब' आणि 'क' मध्ये ते नाहीत, तेव्हा तिथे काही कोरं सोडू नका. गणितात मॅट्रिक्स, संभाव्यता आणि डेरिव्हेटिव्ह आधी घ्या, अकरावी-बारावीचीच पुस्तकं पुरतात. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सुरुवात करा. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आणि सबमिशनमध्ये गणिताला वेळ मिळत नाही.