पावसाळ्यात बाबांच्या हृदयाची काळजी: फिरण्यापेक्षा तापाकडे जास्त लक्ष द्या

बाबांचं वय ६८, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय आणि पावसामुळे पुण्यातल्या तळजाई टेकडीवरचं फिरणं बंद पडलंय, तर काय काळजी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. सासूबाईंचं हृदय अशक्त आहे, त्यांचं सगळं घरी मीच बघते, त्यातून सांगते.

फिरण्याचं फार मनाला लावून घेऊ नका. निसरड्या टेकडीवर पाय मोडण्यापेक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चाललेलं बरं. सिंहगडावर न्यायचं असेल तर गाडीनं वर न्या. तिथली चार भजी एक वेळ चालतील, पण रोजच्या ताटातलं लोणचं-पापड आवरा. दिवसभराचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा.

खरी धास्ती तापाची. फ्लू किंवा न्यूमोनिया झाला की पुढचे काही दिवस हार्ट अटॅकचा धोका वाढलेला असतो. यंदाची फ्लूची लस राहिली असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा. त्यात पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू असतोच. अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, बसवली असेल तर बाबांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असणार. अशा वेळी अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अजिबात आणू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल द्या, डॉक्टरांना स्टेंटचं आणि चालू गोळ्यांचं आधी सांगा, रक्त तपासून घ्या. प्लेटलेट घसरल्या तरी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचाच. श्रावणातल्या उपवासालाही गोळी चुकवू देऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

आमच्याकडे सासूबाई रोज सकाळी लघवीला जाऊन आल्या की चहाच्या आधी वजनकाट्यावर उभ्या राहतात आणि आकडा कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहितात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ दिसली, किंवा घोट्यावर बोट दाबल्यावर खळगा राहिला, की अंगात पाणी साठतंय असं समजून फोन करायचा. उलट जुलाब लागले आणि लघवीची गोळी चालू असेल, तर बीपी पार खाली जातं. उठताना अंधारी येते. तेव्हाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लघवीची पुढची गोळी नको.

जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका, दमट हवेत खराब होते.

छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, असं काही झालं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत बसू नका, १०८ ला फोन करा. रात्रीही अँजिओप्लास्टी होते असं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते आजच विचारून ठेवा. ते नदीपलीकडे असेल तर रस्ताही ठरवा. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, आणि बाकीच्या पुलांवर गाड्यांच्या रांगा लागतात.