लिंबाच्या बुंध्यातून डिंक येतोय

प्रश्न : परसातलं कागदी लिंबू पावसाळ्यानंतर पिवळं पडलंय. बुंध्यातून डिंक गळतो. शेणखत भरपूर घातलं, तरी फांद्या शेंड्याकडून वाळतात. काढून टाकू का?
– एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : अजिबात काढू नका, ताई! हा डिंक्या रोग. खानापूरच्या पावसात बुंध्याशी पाणी साचलं की बुरशी सालीत शिरते, आणि तिथेच रचलेलं शेणखत ओल धरून ठेवतं. आधी ते सगळं हातानं मागे ओढा, बुंधा उघडा करा. मग धारदार चाकूनं तपकिरी, कुजकी साल खरवडा, ताजी हिरवट साल लागेपर्यंत. इथे घाई नको, आणि खरवड जाळून टाका.

मोरचूद १०० ग्रॅम आणि कळीचा चुना १०० ग्रॅम, वेगवेगळे अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात भिजवा, प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा (लोखंडी भांडं नको) आणि बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत लेप द्या. वाळक्या फांद्या छाटा. पाण्याचं आळं फांद्यांच्या घेराखाली, बुंध्यापासून दूर. निपाणीकडच्या काळ्या जमिनीत तर निचऱ्याचा चरच हवा.

खत सध्या थांबवा. नवी पालवी फुटली की थोडं थोडं द्या. मेअखेरीस, पावसाआधी, लेप पुन्हा लावा.