समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पसरलेली जांभळ्या फुलांची वेल कोणती, आणि ती काढून टाकावी का?

ही बहुतेक मर्यादवेल आहे, शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्रे. खात्री करायची तर पान बघा, जाडसर आणि टोकाला दुभंगलेलं असतं, अगदी आपट्याच्या पानासारखं, आणि देठ मोडला की पांढरा चीक येतो. फूल सकाळी बघायचं, आतला घसा जास्त गडद असतो, ऊन चढलं की ते मिटायला लागतं.

आणि प्लीज उपटू नका! ही तण नाहीये. वेल उंच वाढत नाही, जमिनीलगत मीटरच्या मीटर सरपटत जाते आणि जाताना पेराला पेराला मुळं सोडते, त्यामुळे वाऱ्याने उडणारी वाळू तिथेच अडकते आणि हळूहळू वाळूची टेकडी तयार होते, मग मागे बाकीची झाडं रुजतात. खारा वारा, तापलेली वाळू, खतपाणी नाही, तरी वर्षानुवर्षं टिकते. फळात साधारण 4 केसाळ बिया असतात, त्या पाण्यावर तरंगतात आणि कवच इतकं कडक की समुद्रातून लांब वाहत जाऊनही रुजतात, म्हणून तर जगभरातल्या उष्ण किनाऱ्यांवर ही दिसते. किनारा साफ करायचाय तर प्लास्टिक उचला, वेल राहू द्या.