जुन्या विलिसचे टायटल आणि घरी बांधलेली ड्रॅग कार

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून गेली काही वर्षे कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहतो. ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षे झाली. मी आणि माझ्या एका मित्राने सुट्टीच्या दिवशी राबून माझ्या गॅरेजमध्ये १९६० च्या दशकातील गॅसर पद्धतीची ड्रॅग कार, म्हणजे सरळ रेषेत थोड्या अंतराच्या शर्यतीत धावणारी, नाक उंचावलेली गाडी, बांधली आहे. बॉडी विलिस या जुन्या अमेरिकन कंपनीच्या १९४१ च्या कूपची फायबरग्लासमधील प्रतिकृती आहे, चॅसिस नळ्या वेल्ड करून नव्याने तयार केली आहे आणि इंजिन शेवरोलेचे ३५० घनइंची आहे. नोंदणी सोपी व्हावी म्हणून आम्ही एका विक्रेत्याकडून खऱ्या १९४१ च्या विलिसचे टायटल (मालकीचा कागद) आणि तिची ओळख क्रमांकाची पट्टी विकत घेतली व ती पट्टी फायरवॉलवर (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधील पत्र्यावर) रिव्हेट केली. सगळे असेच करतात, असे त्याने सांगितले होते. डीएमव्हीचे (राज्याच्या वाहन नोंदणी खात्याचे) अर्ज भरून तयार आहेत, पण सही केलेली नाही. पुढील महिन्यात हायवे पेट्रोलकडे (राज्याच्या महामार्ग पोलिसांकडे) गाडीच्या पडताळणीची वेळ मिळाली आहे. आम्ही जावे का? मित्राला पुढे गाडी विकायचीही आहे.

उत्तर : आपण सही करण्यापूर्वी विचारले, ही या प्रकरणातील सर्वांत चांगली गोष्ट आहे. त्या पट्टीसह पडताळणीला जाऊ नये आणि त्या अर्जांवर सही करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ते का, आणि त्याऐवजी काय करावे, हे पुढे सविस्तर लिहितो. मात्र आपल्या या पत्राने वकील व अशील असे नाते निर्माण होत नाही आणि वकिलाशी झालेल्या बोलण्याला जे गोपनीयतेचे संरक्षण असते, ते या पत्राला नाही. म्हणून यापुढचा तपशील मला लिहून न पाठवता फौजदारी कामे पाहणाऱ्या स्थानिक वकिलाला समक्ष सांगावा.

मूळ प्रश्न असा आहे की आपली गाडी कायद्याच्या दृष्टीने कोणती गाडी आहे. आपल्याकडे १९४१ च्या विलिसचा कागद आहे आणि तिची पट्टी आहे, पण त्या विलिसचा एकही भाग नाही. कॅलिफोर्नियाच्या व्हेइकल कोडचे कलम ५८० अशा गाडीची व्याख्या करते : खासगी वापरासाठी, पुनर्विक्रीचा हेतू न ठेवता बांधलेली, परवानाधारक उत्पादकाने न बनवलेली, किटमधून किंवा नव्या-जुन्या सुट्या भागांतून उभी केलेली गाडी ही ‘विशेष बांधणीची गाडी’ होय. एखादी मूळ गाडी भाग बदलून मूळ रचनेप्रमाणे दुरुस्त केली, तर ती या व्याख्येत बसत नाही. कोणाकडे विलिसची गंजलेली का होईना मूळ चॅसिस आणि बॉडी असती आणि त्याने ती जीर्णोद्धार करून उभी केली असती, तर जुने टायटल त्या गाडीचेच राहिले असते. आपल्या बाबतीत चॅसिसही नवी आहे आणि बॉडीही नवी आहे. गाडी दिसते १९४१ ची, परंतु तिचा जन्म आपल्या गॅरेजमध्ये झाला आहे.

आता त्या पट्टीविषयी. त्याच कोडचे कलम १०७५० दोन गोष्टींना मनाई करते. नोंदणीसाठी वापरला जाणारा क्रमांक खात्याच्या लेखी परवानगीशिवाय हेतुपुरस्सर खोडणे, नष्ट करणे किंवा बदलणे ही पहिली. आणि खात्याने त्या गाडीला दिलेला नाही असा कोणताही क्रमांक तिच्यावर बसवणे किंवा ठोकणे ही दुसरी. आपण पट्टी रिव्हेट केली तेव्हा दुसऱ्या मनाईला स्पर्श झाला, आणि त्यासाठी कोणाला फसवण्याचा हेतू असण्याची गरज या कलमाच्या शब्दांत नाही. कलम १०८०२ अधिक गंभीर आहे : गाडीची ओळख लपवण्याच्या किंवा चुकीची दाखवण्याच्या हेतूने, विक्री वा हस्तांतरणासाठी, जाणूनबुजून क्रमांकात फेरफार करणे हा त्याखाली गुन्हा ठरतो. आपला असा हेतू नव्हता, हे आपल्या पत्रावरून मला पटते. तथापि गाडी विकण्याची मित्राची इच्छा आणि फायरवॉलवरची परकी पट्टी या दोन गोष्टी एकाच फायलीत आल्या, तर सरकारी वकील त्यांतून हेतूचा निष्कर्ष काढू पाहील, हे लक्षात घ्यावे.

हायवे पेट्रोलचे पडताळणी अधिकारी हेच काम करत असतात. नव्या चौकोनी नळ्यांच्या चॅसिसवर १९४१ ची पट्टी पाहिल्यावर त्यांना काही सांगावे लागत नाही. क्रमांकाबाबत संशय आल्यास कलम १०७५१ खाली गाडी ताब्यात घेतली जाऊ शकते. पुढे तिची विल्हेवाट न्यायालयाच्या आदेशाने लागते आणि तो आदेश गाडी नष्ट करण्याचाही असू शकतो. मूळ विलिस कोठे गेली, ती चोरीची होती का, तिची चॅसिस आजही दुसऱ्या कोणाच्या नावावर धावते आहे का, यांपैकी कशाचेही उत्तर आपल्याजवळ नाही आणि तरीही तिच्या ओळखीची जबाबदारी आपण आपल्या शिरावर घेतली आहे.

सहीचा मुद्दा मी वेगळा काढतो, कारण आपल्यासारख्या स्थलांतरितांसाठी तोच सर्वांत धोक्याचा आहे. डीएमव्हीच्या अर्जांवरील निवेदन खोटे ठरल्यास शिक्षेस पात्र राहण्याच्या प्रतिज्ञेवर केलेले असते. जाणूनबुजून खोटे लिहिल्यास व्हेइकल कोडचे कलम २० लागू होते, आणि पीनल कोडखाली खोट्या शपथेच्या गुन्ह्याला २, ३ किंवा ४ वर्षे कैद आहे. एखाद्या अमेरिकन नागरिकाची अशा प्रकरणात दंडावर सुटका झाली तर त्याचे आयुष्य पुढे चालू राहते. ग्रीन कार्डधारकाचे तसे नसते. फसवणूक किंवा खोटी शपथ यांसारख्या गुन्ह्यांकडे स्थलांतर कायदा नैतिक अधःपतनाचे गुन्हे म्हणून पाहतो. प्रवेशापासून ५ वर्षांच्या आत घडलेल्या आणि १ वर्ष किंवा अधिक कैदेची तरतूद असलेल्या अशा एका गुन्ह्यात दोष सिद्ध झाला तरी देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. पुढे नागरिकत्वाचा अर्ज कराल तेव्हा अटक न झालेल्या गुन्ह्यांविषयीही प्रश्न विचारला जातो. दोष मान्य करण्यापूर्वी त्याचे स्थलांतरविषयक परिणाम अशिलाला सांगणे हे बचाव वकिलाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात ठरवले आहे. म्हणून वकील निवडताना त्याला फौजदारी आणि स्थलांतर या दोन्ही बाजू कळतात ना, किंवा तो स्थलांतराच्या वकिलाशी बोलून सल्ला देतो ना, हे आधी विचारून घ्यावे.

वकिलाची भेट होईपर्यंत गाडी आहे तशी गॅरेजमध्ये राहू द्यावी. पट्टी स्वतः ड्रिलने काढू नये, फेकू नये आणि टायटलसह पुढे कोणाला विकूही नये. घाबरून पट्टी नष्ट केली तर एका चुकीच्या दोन होतात. विक्रेत्याशी झालेले सर्व निरोप, पैसे दिल्याची नोंद आणि जाहिरातीची प्रत जपून ठेवावी, कारण आपण त्याच्या शब्दावर विसंबलो हे दाखवणारा पुरावा तोच आहे. पडताळणीची वेळ रद्द करता येते आणि त्यासाठी कारण सांगावे लागत नाही. कोणी अधिकारी चौकशीला आलाच, तर नम्रपणे, वकिलाच्या उपस्थितीतच बोलेन, इतके सांगावे. खोटे काहीही सांगू नये. पट्टी केव्हा, कशी आणि कोणाच्या स्वाधीन करायची, हे वकील ठरवील व शक्य तेथे त्याच्या मार्फतच ते होईल.

हे निस्तरल्यावर आपल्यापुढे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला मार्ग रस्त्यावर चालवण्याचा आहे. घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी तिच्या खऱ्या रूपातच करता येते. त्यासाठी बांधणीचे निवेदन, इंजिन, गिअरबॉक्स, चॅसिस आणि बॉडी यांच्या पावत्या, ब्रेक व दिव्यांची सुरक्षा तपासणी आणि हायवे पेट्रोलची पडताळणी लागते, आणि गाडीला तिचा स्वतःचा नवा क्रमांक मिळतो. धुराच्या नियमांची भीती बहुधा आपल्याला जुन्या टायटलकडे घेऊन गेली असावी. परंतु २००१ च्या सिनेट बिल १०० ने नेमकी हीच अडचण सोडवली आहे. दर वर्षी पहिल्या ५०० अर्जदारांना क्रमप्रमाणपत्र (त्या संख्येत आपला क्रम लागल्याचा दाखला) मिळते. त्यानंतर सरकारी रेफरी गाडी पाहून, मालकाच्या निवडीप्रमाणे बॉडी किंवा इंजिन कोणत्या वर्षाच्या गाडीशी जुळते ते ठरवतो आणि त्या वर्षाचे नियम लावतो. आपली बॉडी १९४१ च्या विलिससारखी आहे आणि १९७५ व त्याआधीच्या गाड्यांना धूरचाचणीतून सूट आहे. म्हणजे जे आपण उसन्या कागदाने मिळवू पाहत होता, ते कायदा आपल्याला उघडपणे देत आहे. संख्या मर्यादित असल्याने वर्ष सुरू होताच अर्ज करावा. जुन्या इंजिनाची पावती नसेल तर ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडून विक्रीपत्र लिहून घ्यावे, आणि ब्लॉकवरचा क्रमांक घासलेला तर नाही ना, हे स्वतः पाहावे.

दुसरा मार्ग फक्त शर्यतीचा आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्या वर्णनावरून मला हाच अधिक योग्य वाटतो. सरळ पुढचा ॲक्सल, उंचावलेले नाक आणि ड्रॅग टायर असलेली गाडी रोजच्या बाजारहाटाला नेण्यासाठी बांधलेली नसते. जी गाडी सार्वजनिक रस्त्यावर कधीच येत नाही, तिला नोंदणी लागत नाही. मात्र कलम ४००० प्रमाणे विनानोंदणी गाडी रस्त्यावर चालवणे, ढकलणे किंवा उभी करणे, आणि सार्वजनिक पार्किंगच्या जागेत ठेवणे, या सर्वांना मनाई आहे, म्हणून गॅरेजपासून ड्रॅगस्ट्रिपपर्यंतचा (शर्यतीच्या धावपट्टीपर्यंतचा) तिचा प्रवास ट्रेलरवरच व्हायला हवा. सोनोमाची ड्रॅगस्ट्रिप आपल्याला जवळ आहे. बेकर्सफील्डजवळच्या फॅमोसो येथे १९५९ पासून मार्च मीट ही ड्रॅग शर्यत भरते आणि आपल्यासारख्या गाड्यांचे खरे घर तेच आहे. क्वार्टर माईल ९.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर, अथवा ताशी १३५ मैल किंवा अधिक वेगाने कापणाऱ्या गाडीला एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे चॅसिसचे प्रमाणपत्र आणि चालकाला परवाना लागतो. नळ्यांचे वेल्डिंग घरी केलेले असल्याने वेळ यापेक्षा संथ असली, तरी चॅसिस जाणकाराकडून तपासून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. १९५१ मध्ये वॅली पार्क्स यांनी कॅलिफोर्नियात एनएचआरए स्थापन केली ती तरुणांच्या शर्यती रस्त्यावरून सुरक्षित ड्रॅगस्ट्रिपवर आणण्यासाठीच. म्हणून गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर ‘एकदाच चाचणी’ घेण्याचा विचारही करू नये. दोन गाड्या जोडीने धावल्या तर कलम २३१०९ खाली २४ तास ते ९० दिवस कैद, ३५५ ते १,००० डॉलर दंड किंवा दोन्ही, आणि गाडी ३० दिवस जप्त, अशी तरतूद आहे.

ड्रॅगस्ट्रिपवर गेल्यावर आपल्याकडून जबाबदारीमुक्तीच्या पत्रावर सही घेतली जाते. ती औपचारिकता समजू नये. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने जखमी शर्यतपटूविरुद्ध असे पत्र ग्राह्य धरले आहे. मात्र २००७ च्या सिटी ऑफ सांता बार्बरा निकालानंतर घोर निष्काळजीपणाला असे पत्र झाकू शकत नाही. मोटारीची नेहमीची पॉलिसी शर्यतीच्या जागेतील स्पर्धा व सराव वगळते, तेव्हा गॅरेजमधील साठवण, ट्रेलरवरील वाहतूक आणि ड्रॅगस्ट्रिपवरील नुकसान या तिन्हींसाठी काय संरक्षण आहे, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

राहिली मित्राची विक्रीची इच्छा. विशेष बांधणीच्या गाडीच्या व्याख्येतच पुनर्विक्रीचा हेतू नसावा असे आहे, त्यामुळे विकण्यासाठीच गाडी पूर्ण करायची असेल तर पहिला मार्ग तिला लागू होत नाही. शर्यतीची गाडी म्हणून, टायटल नाही हे स्पष्ट लिहून, साध्या विक्रीपत्रावर ती विकता येईल. त्याआधी आपल्या दोघांत कोणी किती खर्च केला, गाडी कोणाच्या गॅरेजमध्ये राहील, एकाला बाहेर पडायचे असेल तर दुसऱ्याने कोणत्या किमतीला हिस्सा घ्यावा, हे कागदावर उतरवून दोघांनी सह्या कराव्यात. पुढे नोंदणी झालीच, तर टायटलवर दोन नावांच्या मध्ये ‘अँड’ लिहून घ्यावे. ‘ऑर’ असेल तर कॅलिफोर्नियात दोघांपैकी एकाच्या सहीने गाडी विकता येते, ‘अँड’ असेल तर दोघांच्याही सह्या लागतात.